मागून घेतलेली बातमी ‘स्पॅम’ कशी?

२० डिसेंबर २०२०, रविवार. दिल्लीच्या सीमांवर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांनी हा दिवस श्रद्धांजली दिवस म्हणून पाळला. नोव्हेंबरच्या अखेरीपासून आंदोलनात जे दगावले, त्यांच्यासाठी गावोगावी सभा झाल्या. त्याच दिवशी पुढचे कार्यक्रमही जाहीर झाले. उद्यापासून साखळी उपोषण, २५ ते २७ तारखेपर्यंत हरियाणातले टोलनाके खुले, २७ला ‘मन की बात’ सुरू असेल तेव्हा थाळ्या वाजवायच्या. हे सगळं लोकांपर्यंत पोचवण्याचं आंदोलकांचं स्वतःचं ठिकाण म्हणजे ‘किसान एकता मोर्चा’ हे फेसबुक पेज. नेत्यांची पत्रकार परिषद या पेजवरून थेट दाखवली जात असताना ते बंद पडलं.

आरडाओरडा झाला. तीन तासांच्या आत पेज परत आलं. मग फेसबुकनं खुलासा केला, त्याचा आशय असा : आमच्या स्वयंचलित यंत्रणेला या पेजवर वाढलेली हालचाल आढळली, तिनं ते ‘स्पॅम’ ठरवलं, आणि संदर्भ लक्षात आल्यावर आम्ही ते पूर्ववत केलं.

‘चला, आलं ना परत’ म्हणून बहुतेकांनी हा खुलासा वाचून सोडून दिला. ज्यांनी सोडून दिला नाही, त्यांनी सरकारी दबावाचा संशय घेतला, त्यावर एक-दोन दिवस वाद झाले आणि विषय मागं पडला. मला तो संशय बाजूला ठेवायचा आहे. कंपनीचं म्हणणं शब्दशः खरं धरून भांडायचं आहे. कारण दबाव आला असेल, तर दोष त्या एका दिवसाचा आणि त्या एका फोनचा. पण खुलासा खरा असेल, तर दोष यंत्राच्या घडणीत आहे आणि तो रोज, प्रत्येक भाषेत, प्रत्येक आंदोलनाच्या वाट्याला येणार आहे.

खुलाशातला पहिला शब्दप्रयोग घ्या : वाढलेली हालचाल. ज्या कंपनीचा सगळा धंदा हालचाल वाढवण्यावर चालतो, तिच्या यंत्राला हालचाल वाढली म्हणून शंका येते, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. नटाच्या लग्नाचे फोटो एका रात्रीत कोट्यवधींनी पाहिले तर ती यशोगाथा. क्रिकेटचा सामना सुरू असताना एकाच क्षणी लाखो लोक तेच चार शब्द लिहितात, तर तो उत्साह. मग सिंघूच्या सीमेवरून शेतकरी बोलू लागला आणि ऐकणाऱ्यांची गर्दी झाली, तर तो स्पॅम का?

‘स्पॅम’ या शब्दाला एक साधा अर्थ आहे आणि तो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे : न मागता दारात येऊन पडलेला कचरा. १९७८ साली अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री अधिकाऱ्यानं अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकाची जाहिरात एकदम पाठवली. तो या प्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. लोक चिडले, कारण त्यांनी ती मागितली नव्हती. पुढं इमेलच्या काळात लॉटरीचे, गोळ्यांचे, परदेशी वारसाहक्काचे संदेश आले, त्यांचंही तेच. न मागणं हा या व्याख्येचा कणा आहे.

आता ‘किसान एकता मोर्चा’ या पेजकडे पाहा. ते काही लाख लोक पाहत होते. त्यांतल्या प्रत्येकानं स्वतःच्या अंगठ्यानं ‘फॉलो’चं बटण दाबलेलं होतं. म्हणजे त्यांनी ही बातमी मागून घेतली होती. मागून घेतलेली बातमी स्पॅम कशी होईल? ती खोटी असू शकते, एकांगी असू शकते, भडक असू शकते. यातला कुठलाही आरोप करा, त्याला उत्तर देता येईल. ‘स्पॅम’ या आरोपाला उत्तरच नाही. खोटं म्हटलं तर बोलणं निदान बोलणं म्हणून मोजलं जातं. स्पॅम म्हटलं की त्या बोलण्याची गणना केरात होते, आणि केर काढताना कुणी केराची बाजू ऐकून घेत नाही.

अजून एक फरक आहे. तो इमेल वापरणारा कुणीही सांगेल. इमेलची गाळणी तुमचं पत्र ‘स्पॅम’च्या कप्प्यात टाकते. ते तिथं पडून असतं. नोकरीचं पत्र, मुलाच्या शाळेची सूचना, कधीमधी आपण त्या कप्प्यातून उकरून काढतोच. सोशल मीडियावरची गाळणी पत्र कप्प्यात टाकत नाही. ती पत्र गायब करते, आणि वर पोस्टमनलाही डांबून ठेवते. ज्यानं लिहिलं त्याचं खातं अडकतं, ज्याला वाचायचं होतं त्याला काही अडकलं हे कळतच नाही.

*

हे का होतं, ते समजून घ्यायला संगणकशास्त्र शिकावं लागत नाही. स्पॅम पकडणारं यंत्र मुख्यतः वागण्याचा आकार मोजतं. खातं किती जुनं आहे? एका मिनिटात किती संदेश गेले? तोच मजकूर, तोच दुवा किती ठिकाणी दिसला? अनोळखी माणसांना किती उत्तरं गेली? किती जणांनी तक्रार केली? मजकुरात काय म्हटलंय हा प्रश्न यात फार मागून येतो. त्यात यंत्राची सोय आहे, कारण मजकूर समजून घ्यायला भाषा यावी लागते आणि नाडीचे ठोके मोजायला ती यावी लागत नाही.

संकटात माणूस कसा बोलतो? तो तेच तेच बोलतो. घाईनं बोलतो. दिसेल त्याला सांगतो. काल उघडलेल्या खात्यावरून बोलतो, कारण काल त्याच्यावर संकट नव्हतं. एकाच मजकुराच्या शंभर प्रती निघतात, कारण मजकुरात बदल केला तर फोन नंबर चुकेल किंवा पत्ता बिघडेल. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये ज्यांनी ऑक्सिजन सिलिंडर, रेमडेसिव्हिर आणि बेड यांसाठी ट्विटरवर रात्री जागवल्या, त्यांना वेगळं सांगायला नको. रुग्णाचं नाव, वय, रक्तगट, ऑक्सिजन किती खाली आलाय, हॉस्पिटल, नातेवाइकाचा नंबर. मग खाली कुणीतरी लिहायचं, ‘चार वाजून दहा मिनिटांनी फोन करून खात्री केली आहे.’ पुढच्या अर्ध्या तासात त्याच चार ओळी पन्नास खात्यांवरून फिरायच्या. आणि हे करणारी कॉलेजातली पोरं तोच हेल्पलाइन नंबर दर दोन मिनिटांनी वेगवेगळ्या अनोळखी माणसांना उत्तर म्हणून चिकटवत होती.

आता ट्विटरचे त्या वेळचे नियम उघडून पाहा. न मागता मोठ्या संख्येनं उत्तरं पाठवणं : मनाई. तोच मजकूर पुनःपुन्हा टाकणं : मनाई. दिवसाला २,४०० ट्वीटची मर्यादा, तीही अर्ध्या अर्ध्या तासांच्या तुकड्यांत वाटलेली. २०२०च्या ऑगस्टमध्ये ट्विटरनं जाहीरच केलं होतं की अनेक खात्यांवरून एकच मजकूर कॉपी-पेस्ट झालेला दिसला, तर आम्ही तो लोकांना कमी दिसेल असं करू. आपल्याकडे तर ‘शेअर करू नका, कॉपी-पेस्ट करा’ ही पोस्टच्या शेवटी लिहायची ओळ झाली आहे, कारण मूळ पोस्ट उडाली की शेअर केलेल्याही उडतात हे लोकांना अनुभवानं कळलंय. एक यंत्रणा पोस्ट उडवते म्हणून लोक कॉपी-पेस्ट करतात, आणि कॉपी-पेस्ट करतात म्हणून दुसरी यंत्रणा त्यांना दाबते. याला काय म्हणावं?

म्हणजे संकटातल्या मदतीचा जो स्वाभाविक आकार, तोच या नियमांत गुन्ह्याचा आकार म्हणून आखून ठेवला आहे. असं असताना दर वेळी ‘नजरचुकीनं झालं’ म्हणणं मला पटत नाही. रहदारीच्या नियमात ‘भरधाव जाणारं प्रत्येक वाहन अडवा’ असं लिहून ठेवलं आणि रुग्णवाहिका अडली, तर ती पोलिसाची नजरचूक नव्हे. नियम लिहिणाऱ्याला रुग्णवाहिका आठवलीच नव्हती.

महामारीच्या अगदी सुरुवातीलाच हे दोनदा दिसलं होतं. १७ मार्च २०२० रोजी फेसबुकवर कोरोनाविषयीच्या बातम्यांचे दुवे धडाधड ‘स्पॅम’ म्हणून उडू लागले. नावाजलेल्या वृत्तपत्रांचे आणि नियतकालिकांचेसुद्धा. त्याच सुमारास फेसबुकनं मजकूर तपासणाऱ्या कंत्राटी माणसांना घरी पाठवलं होतं. कंपनीचे उपाध्यक्ष गाय रोझेन यांनी सांगितलं की स्पॅमविरोधी यंत्रणेत बिघाड झाला, माणसं घरी पाठवण्याशी त्याचा संबंध नाही. ठीक आहे, मान्य करू. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत घरी मास्क शिवून दवाखान्यांना फुकट देणाऱ्या स्वयंसेवकांच्या पोस्ट उडाल्या आणि त्यांच्या गटांवर बंदीची टांगती तलवार आली. मास्कचा काळाबाजार रोखण्यासाठी बसवलेलं यंत्र मास्क दान करणाऱ्यांवर चालून गेलं. फेसबुकनं माफी मागितली. माफी मागण्यात या कंपन्या कधीच कंजूषी करत नाहीत.

*

‘तीन तासांचंच तर होतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं त्या डिसेंबरबद्दल.

तेव्हा दूरचित्रवाणीवर काय चाललं होतं ते आठवा. आंदोलक खलिस्तानी आहेत, पिझ्झा खातात, पाय दाबायची यंत्रं लावून बसलेत. या माऱ्याला उत्तर द्यायचं म्हणून आंदोलकांनी डिसेंबरच्या मध्यात स्वतःची सोशल मीडियाची फळी उभी केली आणि हे पेज त्यातूनच आलं. ज्यांना वृत्तवाहिन्यांनी बोलू दिलं नाही, त्यांनी स्वतःचा भोंगा विकत न घेता उसना घेतला होता. तो बोलणं चालू असतानाच काढून घेतला गेला. थेट प्रक्षेपणाला नंतर असं काही नसतं. तीन तासांनी पेज परत येतं, पत्रकार परिषद परत होत नाही.

आणि ऐकणारे काही फक्त पंजाब-हरियाणाचे नव्हते. दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, अखिल भारतीय किसान सभेचा वाहन जथा नाशिकहून निघणार होता. २०१८च्या मार्चमध्ये नाशिक ते मुंबई पायी आलेल्या लाँग मार्चमागची हीच संघटना. त्या वेळी सोललेल्या तळव्यांचे फोटो फोनवरून फोनवर गेले आणि मुंबई जागी झाली, हे आपण पाहिलेलं आहे. आता नाशिकहून हजारभर किलोमीटरवर राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरच्या शहाजहानपूरला, ऐन थंडीत, जीपच्या मागच्या भागात बसून निघालेल्या आदिवासी शेतकऱ्याला तिकडं काय ठरलंय हे कळणं ही चैन नव्हती.

इथं एक तुलना करतो. १ फेब्रुवारी २०२१ला याच ‘किसान एकता मोर्चा’चं ट्विटर खातं भारतात बंद झालं. सोबत ‘द कॅरव्हान’ मासिकाचं आणि इतर अशी सुमारे अडीचशे खाती व ट्वीट. ते सरकारी आदेशानं झालं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अखाली. संध्याकाळपर्यंत ती परत सुरू झाली. त्या आदेशावर मी टीका करीनच. या कलमाखालच्या नियम १६मधली गुप्ततेची तरतूद हा मोठा अन्याय आहे. पण तरीही तिथं एक आदेश असतो, त्यावर कुणाची तरी सही असते, कायद्याचं कलम असतं. २४ मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम टिकवलं तेच मुळी कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळं त्यांना आव्हान देता येतं म्हणून. ३० एप्रिल २०२१ला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं ऑक्सिजन-बेडसाठी सोशल मीडियावर हाक मारणाऱ्यांची मुस्कटदाबी केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू, असं राज्यांना बजावलं. दोन दिवस आधीच, २८ एप्रिलला, पंतप्रधानांचा राजीनामा मागणारा हॅशटॅग फेसबुकवर काही तास दिसेनासा झाला होता. सरकारनं सांगितलं म्हणून नव्हे, चुकून झालं, असं फेसबुक म्हणालं. न्यायालय राज्यांना बजावू शकतं. या चुकून होणाऱ्या गोष्टींना कुणी काय बजावायचं?

दडपणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असेल? आदेश नाही, सही नाही, हेतू नाही. आंदोलनाच्या विरोधकांना फक्त एवढंच करायचं आहे की एका ठरलेल्या वेळी एकत्र तक्रारी ठोकायच्या आणि यंत्राची नाडी वाढवून द्यायची. किसान मोर्चाच्या बाबतीत तसं घडलं असा माझा दावा नाही. पण ज्या दाराला अशी कडी आहे, ते दार कधी ना कधी कुणीतरी वाजवणारच.

*

आता कुणी म्हणेल, मग गाळण्याच नकोत का? महाराष्ट्रात बसून हा प्रश्न हलक्यात घेता येत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून भागात फिरत होती. ती अफवाही तेच तेच बोलत होती, घाईनं बोलत होती, दिसेल त्याला सांगत होती. आकार बघितला तर ती आणि ऑक्सिजनची हाक सारखीच. हे मी टाळणार नाही.

पण राईनपाड्यानंतर, त्याच महिन्यात, व्हॉट्सॲपनं काय केलं ते पाहा. भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, असं जाहीर केलं. २०२०च्या एप्रिलमध्ये, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. या उपायाच्या मर्यादा आहेतच. तरी तो नियम सगळ्यांना सारखा आहे, आधी सांगितलेला आहे, आणि तुम्ही सहाव्या ठिकाणी पाठवायला गेलात की तुम्हाला तिथल्या तिथं कळतं. कुणाचा संदेश पुसला जात नाही, कुणाचं खातं जात नाही. वेग कमी होतो, तोंड बंद होत नाही. राईनपाड्याचा दाखला देऊन जर कुणी मला गुपचूप चालणाऱ्या, कारण न सांगणाऱ्या गाळणीचं समर्थन सांगू लागला, तर मी त्याला त्याच राईनपाड्यानंतरचा हा उघड नियम दाखवीन.

शिवाय खरा स्पॅम, म्हणजे बनावट खात्यांच्या फौजा, त्यांचं या यंत्राखाली काय होतं? फेसबुकमध्ये डेटा सायंटिस्ट असलेल्या सोफी झँग यांनी २०२१च्या एप्रिलमध्ये ‘द गार्डियन’मधून जे सांगितलं, ते भारतीयांनी पाठ करून ठेवावं असं आहे. त्यांना भारतातल्या राजकारण्यांचा प्रचार फुगवणारी बनावट खात्यांची जाळी सापडली, काँग्रेसच्या बाजूची आणि भाजपच्याही. इतर जाळी काढायला हरकत आली नाही. एक जाळं मात्र भाजपच्या एका विद्यमान खासदाराच्या खात्याशी थेट जोडलेलं निघालं, आणि तिथं कारवाई अडली. त्या पुनःपुन्हा विचारत राहिल्या, उत्तर आलं नाही. फेसबुकनं त्यांचं हे चित्रण अमान्य केलं. पण मला यातला क्रम बघा असं म्हणायचं आहे. स्पॅमविरोधी यंत्रणा ज्यांच्यासाठी उभारली, त्या बनावट फौजेला हात लावायला माणसाची परवानगी लागते, त्यात संदर्भ पाहिला जातो. शेतकऱ्याचं पेज बंद करायला परवानगी लागत नाही. तिथं संदर्भ नंतर लक्षात येतो.

‘यंत्र तटस्थ असतं’ हे वाक्यही आता पुरे झालं. यंत्राला एक खिट्टी असते आणि ती माणूस फिरवतो. ७ ऑक्टोबर २०२३नंतर मेटानं काय केलं, हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं छापलं आहे. एरवी एखादी कॉमेंट नियमबाह्य असल्याची ८० टक्के खात्री यंत्राला वाटली, तर ती लपवली जायची. मध्यपूर्वेतल्या मजकुरासाठी ही पातळी ४० टक्क्यांवर आणली गेली, आणि पॅलेस्टिनी प्रदेशांतून येणाऱ्या मजकुरासाठी २५ टक्क्यांवर. सोप्या मराठीत : चारातली तीन बोलणी निर्दोष असण्याची शक्यता यंत्राला स्वतःलाच वाटत असली, तरी चारही लपवा. ही खिट्टी पॅलेस्टिनींसाठी इतकी का फिरवावी हा अभियांत्रिकीचा प्रश्न नाही. तो एका खोलीत बसलेल्या काही माणसांनी घेतलेला राजकीय निर्णय आहे, आणि त्यावर कुठल्याही संसदेत चर्चा झालेली नाही.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत ह्यूमन राइट्स वॉचनं ६०हून अधिक देशांतून फेसबुक-इन्स्टाग्रामवरची १,०५० प्रकरणं गोळा केली. मजकूर काढल्याची, दाबल्याची. त्यांतली १,०४९ पॅलेस्टाइनला शांततामय पाठिंबा देणारी होती. ‘युद्धबंदी करा’ एवढ्याच अर्थाच्या कॉमेंटी ‘स्पॅम’ म्हणून काढल्या होत्या. बॉम्ब पडत असताना ‘थांबवा’ हा शब्द लाखो माणसांनी एकसारखाच लिहिला, यात नवल काय? तो प्रत्येकानं वेगळ्या शैलीत लिहायला हवा होता का? यातला कळस असा की सेन्सॉरशिपचे पुरावे पाठवा, असं आवाहन करणाऱ्या संस्थेच्या पोस्टलाच ‘स्पॅम’चा शिक्का बसू लागला.

त्याआधीची, २०२१च्या मेमधली गोष्ट तर एखाद्या विनोदी नाटकात शोभावी. जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत पोलीस घुसले आणि त्याच दिवसांत अल-अक्सा हा हॅशटॅग इन्स्टाग्रामवर दबला. मेटानंच नेमलेल्या बीएसआर या संस्थेच्या २०२२च्या अहवालात कारण सापडतं. बाहेरच्या कंत्राटदाराच्या एका कर्मचाऱ्यानं अमेरिकी अर्थखात्याच्या यादीतून शब्द उचलले. त्या यादीत त्याच नावाची एक सशस्त्र ब्रिगेड होती. इस्लाममधल्या सर्वांत पवित्र स्थळांपैकी एकाचं नाव असं काळ्या यादीत गेलं. आपल्याकडे एखाद्या गुंडाच्या टोळीचं नाव ‘विठ्ठल’ असल्यामुळं ऐन आषाढीत पंढरपूरची पोस्ट दिसेनाशी व्हावी, तसंच हे.

*

पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तोच मजकूर लाखो अनोळखी माणसांना, त्यांनी न मागता, दिवसातून दहादा दाखवायचा असेल तर फेसबुकवर एक राजमार्ग आहे. त्याला जाहिरात म्हणतात. १९७८च्या त्या विक्रेत्यानं जे फुकट केलं आणि शिव्या खाल्ल्या, तेच आता दर लावून विकलं जातं. जाहिरातीची छाननी होते, हे खरं. पण तिथं पुनरावृत्ती हा दोष नाही, ती मालाची खरी किंमत आहे. न मागता आलेल्या बिल्डरच्या जाहिरातीला अभय, आणि मागून घेतलेल्या आंदोलनाच्या बातमीवर संशय, ही विभागणी स्पॅमच्या मूळ व्याख्येला बरोबर उलटी टांगते.

मग मागायचं काय? संख्या प्रचंड आहे, हे मला मान्य आहे. २०१८च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकनं ८३ कोटी ७० लाख स्पॅम पोस्ट काढल्या, त्यातल्या जवळजवळ सगळ्या कुणी तक्रार करण्याआधीच. एवढं माणसांनी वाचणं शक्य नाही. पण हजारात एकच चुकली असं धरा : ८ लाख ३७ हजार चुका, तीन महिन्यांत. त्यांतल्या कुणालाही कुठल्या निकषावर, कुणाच्या तक्रारीवरून, किती खात्रीनं आपल्याला केर ठरवलं, हे सांगितलं जात नाही. मोजणी जिथं एवढी काटेकोर आहे, तिथं हे सांगणं अवघड नसावं.

युरोपनं डिजिटल सेवा कायद्यात मजकूर काढला तर कारण द्यायची सक्ती केली. तिथंही, कलम १७ मध्ये, स्पॅमसाठी पळवाट ठेवली आहेच. पण ती नीट शब्दांत बांधलेली आहे. फसवा, मोठ्या प्रमाणावरचा आणि व्यापारी मजकूर असेल तरच कारण न देण्याची मुभा. ‘व्यापारी’ हा एक शब्द तिथं असल्यामुळं किसान मोर्चासारखं पेज त्या पळवाटेतून ढकलता येणार नाही. आपल्या नियमांत ही व्याख्या आणा, ही माझी पहिली मागणी. ज्या पेजवरून काही विकलं जात नाही आणि ज्याचे वाचक स्वतःहून आलेले आहेत, त्याला ‘स्पॅम’ हा शब्द लावायचाच नाही. दुसरा आरोप असेल तर तो उघड करा.

आपल्याकडच्या २०२१च्या नियमांत, नियम ४च्या उपनियम ८मध्ये, मोठ्या कंपनीनं आपणहून मजकूर काढण्याआधी वापरकर्त्याला कारणासह कळवावं असं लिहिलेलं आहे. चांगलं आहे. ‘आधी’ हा शब्द तिथं आहे, आणि यंत्र त्याच्या नेमकं उलट चालतं. कंपनीकडे तक्रार केली तर निकालासाठी, हे नियम आले तेव्हा, पंधरा दिवसांची मुदत होती. त्यावर अपील करायला २०२३पासून तीन तक्रार अपील समित्या आहेत, त्यांनी तीस दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा. या समित्या केंद्र सरकार नेमतं. केंद्र सरकारच्या कायद्यांविरुद्ध बसलेल्या शेतकऱ्यानं आपलं पेज का बंद झालं हे विचारायला केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीकडे जायचं, तेही महिनाभर थांबायच्या तयारीनं.

म्हणून दुसरी मागणी वेळेची आहे. हजारो लोक पाहत असलेलं थेट प्रक्षेपण तोडायचं असेल, तर तोडण्याआधी ती भाषा जाणणाऱ्या एका माणसानं ते पाहिलं पाहिजे. पंजाबी असेल तर पंजाबी, मराठी असेल तर मराठी. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर आलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार खोट्या माहितीशी लढायच्या खर्चातला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी होता. तेव्हा असा माणूस ठेवायला पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. आणि तोडलंच, तर त्या पेजच्या वाचकांना तिथं कोरी पाटी दिसता कामा नये. पेज कंपनीनं थांबवलं आहे, किती वाजता थांबवलं, कुठल्या नियमाखाली, आणि यंत्रानं की माणसानं, एवढं त्या जागी लिहिलेलं असलं पाहिजे.